वानचे पाणी आणि अणूची वीज

अणुशक्तीचा विषय निघाला की वऱ्हाडातील सुशिक्षित गृहस्थ कोकणाकडे बोट दाखवितो आणि वर्तमानपत्राचे पान उलटतो. तारापूर समुद्रकाठी, जैतापूर समुद्रकाठी. आपल्याकडे ना समुद्र, ना युरेनियम. तेव्हा हा वाद राजापूरच्या आंबेवाल्यांनी आणि मच्छीमारांनी सरकारशी घालावा, आपण कापसाच्या भावाची चिंता करावी, अशी एकंदर समजूत आहे. ही समजूत आता फार दिवस टिकण्यासारखी नाही, असे आम्हांस वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या लघुनामाचा कायदा संमत करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा व २०१० चा अणुअपघात नुकसानभरपाईचा कायदा हे दोन्ही निकालात काढले, आणि आजवर केवळ सरकारच्या हाती असलेले हे क्षेत्र खाजगी भांडवलास खुले केले. सुमारे ८,९०० मेगावॉट इतकी आज देशाची अणुवीज-क्षमता आहे. ती २०४७ पर्यंत १ लक्ष मेगावॉट करावयाची, असा संकल्प आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनादी कार्यासाठी २०,००० कोटी रुपये ठेवण्यात आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने ‘रोसॅटम’ या रशियन संस्थेशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीबाबत सामंजस्य करार केला.

अकरापटीहून अधिक वाढ करावयाची तर ती सारी समुद्रकाठी कशी मावणार? ती मावणार नाही हे सरकारही जाणते. हरियाणातील गोरखपूर कालव्याच्या पाण्यावर उभे राहत आहे. राजस्थानातील माही-बांसवाडा प्रकल्पाची कोनशिला सप्टेंबर २०२५ मध्ये बसली. मध्यप्रदेशात मंडला जिल्ह्यातील चुटका येथे, नर्मदेवरील बरगी धरणाच्या काठी, ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या योजिल्या आहेत; आणि जे गोंड आदिवासी बरगी धरणाने एकदा उठविले, त्यांनाच पुन्हा उठावे लागणार म्हणून तेथे वर्षानुवर्षे विरोध चालू आहे. शिवाय, जुनी होऊन निवृत्त होणारी कोळशाची केंद्रे जेथे आहेत तेथेच छोट्या अणुभट्ट्या बसवाव्यात, कारण जमीन, पाणी आणि तारा आयत्या मिळतात, हा विचार केंद्र सरकारने उघडपणे बोलून दाखविला आहे. अकोला जिल्ह्यात पारस आहे. पारसचे जुने संच केव्हाच मोडीत निघाले; नवे दोन, प्रत्येकी २५० मेगावॉटचे, चालू आहेत. कोणाचा प्रस्ताव येण्याची वाट पाहून मग विचारास बसणे हे शहाण्या समाजाचे लक्षण नव्हे. प्रस्ताव आला की बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे असे दोन तट तेवढे पडतात, आणि विचार करणारास कोणीच विचारीत नाही.

या चर्चेसाठी आम्ही मुद्दाम हिवरखेडचे नाव घेतो. वऱ्हाडात हिवरखेडे दोन ठळक. एक अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्याच्या आसपासच्या शेतीचा जीव वान नदीवर आणि वारीच्या हनुमान सागर धरणावर. दुसरे अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, संत्र्यांच्या मुलखात. त्या तालुक्यातच सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण. म्हणजे वऱ्हाडात जी काही मोठी गोड्या पाण्याची साठवण आहे, तिच्यापैकी दोन मोठ्या साठ्यांच्या आसपास ही दोन गावे नांदतात. मधल्या पूर्णाखोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला. तेथल्या विहिरीचे पाणी गुरेही नाखुषीने पितात. अणुभट्टीस वऱ्हाडात जागा शोधणारा तज्ज्ञ नकाशावर बोट ठेवील ते खारपाणपट्ट्यात ठेवणार नाही. हिवरखेडासारख्या गावाजवळ ठेवील. तेव्हा त्याच गावाच्या वेशीवर उभे राहून या विजेचा हिशेब मांडणे योग्य.

प्रथम या विजेचे जे श्रेय आहे ते तिला मनःपूर्वक दिले पाहिजे. अणुभट्टीतून धूर निघत नाही. खाणीपासून भट्टी बांधून मोडण्यापर्यंतचा सगळा खर्च धरला तरी एका युनिटामागे बारा ग्रॅमच्या आसपास कर्बवायू पडतो, असा आंतरराष्ट्रीय हवामान-समितीचा २०१४ मधील मध्यम अंदाज आहे. कोळशाच्या विजेस तोच आकडा आठशेवर जातो. पारसची राख ज्यांच्या अंगणात पडते, चंद्रपूरची हवा ज्यांनी छातीत भरून घेतली आहे, त्यांना या दोन आकड्यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. कोळशाने माणसे मरतात ती मुकाट्याने, दम्याने, खोकल्याने, वर्तमानपत्रात न येता मरतात. अणुवीज आजवर जितकी निर्माण झाली तितक्या विजेमागे झालेले मृत्यू मोजले, आणि त्यात चेर्नोबिलही धरले, तरी ते कोळशाच्या मानाने फार थोडे भरतात. चेर्नोबिलच्या स्फोटाने व तीव्र किरणोत्सर्गाने १९८६ च्या त्या पहिल्या काही महिन्यांत तीसच्या आसपास माणसे मृत्यू पावली. पुढील कर्करोगांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि तो आकडा सहस्रांत धरणारेही कोळशाच्या बळींच्या जवळपास येत नाहीत. अणू म्हटले की हिरोशिमा, असे समीकरण मांडून जे विरोधास उभे राहतात त्यांच्याशी आमचे जुळणार नाही. भट्टीतील इंधन बाँबसारखे फुटू शकत नाही. त्यात विखंडनक्षम युरेनियमचे प्रमाणच तेवढे नसते. भाभांनी या देशात जी विद्या रुजविली आणि डॉ. अनिल काकोडकरांसारख्यांनी जी वाढविली, तिचा अभिमान बाळगूनच पुढचे प्रश्न विचारावयाचे आहेत.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. परंतु वर्गात उभे राहून शिकविण्याची जुनी सवय असल्याने एक साधी गोष्ट फळ्यावर मांडल्यावाचून राहवत नाही. अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी उकळण्याचे यंत्र होय. चूल बदलली, आधण तेच. वाफेने चक्र फिरते व चक्राने वीज होते. जितकी उष्णता भट्टीत निर्माण होते तिच्या सुमारे एक तृतीयांशाचीच वीज बनते. उरलेल्या दोन तृतीयांश उष्णतेचा काही उपयोग नसतो, ती कोठे तरी टाकावी लागते. समुद्रकाठी ती समुद्रात जाते. समुद्र नसेल तेथे शीतक-मनोऱ्यांतून पाण्याची वाफ करून ती आकाशात सोडावी लागते, आणि ते पाणी परत नदीत येत नाही. अशा रीतीने एका युनिटामागे साधारण अडीच लिटर पाणी उडून जाते असे धरू. कोळशाच्या आधुनिक केंद्रापेक्षा हे प्रमाण थोडे अधिकच, कारण अणुभट्टीची वाफ तितकी तापत नाही.

आता बेरीज-गुणाकार करू. ७०० मेगावॉटची एक भट्टी वर्षाचे सरासरी पंच्याऐंशी टक्के भाराने चालली तर दिवसाला सुमारे १ कोटी ४३ लक्ष युनिटे देईल, आणि त्यासाठी साडेतीन कोटी लिटरांहून अधिक पाणी रोज आकाशात जाईल. खेड्यातील माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी, हे आपल्या सरकारचे नळयोजनेचे माप आहे. त्या मापाने हे साडेसहा लक्ष माणसांचे पाणी झाले. आणि भट्ट्या एकेकट्या बांधीत नाहीत, जोडीने बांधतात. वर्षाचा हिशेब केला तर जोडीस सुमारे २६ दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. वानच्या हनुमान सागराची उपयुक्त साठवण सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर; म्हणजे धरण काठोकाठ भरले त्या वर्षी तिसरा हिस्सा, आणि भरले नाही त्या वर्षी किती, ते वाचकांनीच ठरवावे. भट्टी छोटी असली म्हणून युनिटामागचे पाणी कमी लागत नाही. ‘छोटी’ या शब्दाने जो भुलावा पडतो तो येथे उपयोगी नाही.

वानचे पाणी हा तेल्हारा तालुक्यात किती नाजूक विषय आहे हे आम्ही शहरवासीयांनी तरी विसरू नये. अकोला शहरासाठी आणि बाळापूरकडील खारपाणपट्ट्यातील गावांसाठी वानचे पाणी राखून ठेवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्या भागातील शेतकरी रस्त्यावर उतरले. तहानलेल्या गावास पिण्याचे पाणी देण्याचा तो प्रश्न होता. तरीही धरणाखालच्या शेतकऱ्याने ‘आमच्या ओलिताचे काय?’ असे विचारले, आणि त्याचे ते विचारणे अन्यायाचे होते असे म्हणता येणार नाही. तिकडे ऊर्ध्व वर्धेच्या बाबतीत तर शेतीसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी अमरावतीजवळच्या नांदगावपेठ येथील १,३५० मेगावॉटच्या खाजगी औष्णिक प्रकल्पास देण्यात आले आणि २०१० च्या सुमारास त्यावरून अमरावतीत मोठे आंदोलन उभे राहिले. प्रकल्प झाला, वीजही झाली. ती वीज वऱ्हाडातील शेतकऱ्यास दिवसा मिळाली काय, हा प्रश्न मात्र रात्रीच्या पाळीला ओलितास जाणाऱ्या आणि रानडुकरे व बिबटे यांच्या भीतीने काठी-कंदील घेऊन बसणाऱ्या कोणाही कुणब्यास विचारावा. म्हणून ‘देशाच्या विकासासाठी पाणी’ हे शब्द ऐकले की हिवरखेडचा माणूस खिशावर हात ठेवतो, आणि आम्ही त्याला दोष देत नाही.

यावर एक चांगले उत्तर आहे, ते दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, निव्वळ वाळवंटात, पालो व्हर्दे नावाचे प्रचंड अणुवीज केंद्र आहे. ते फिनिक्स शहराचे सांडपाणी शुद्ध करून त्यावर चालते. आपल्याकडे नागपूरचे सांडपाणी कोराडीच्या औष्णिक केंद्रास दिले जातेच. मग अकोल्याचे सांडपाणी का नको? २०११ च्या गणनेत अकोल्याची लोकसंख्या सव्वाचार लक्ष होती. प्रत्येकास रोज १३५ लिटर पाणी मिळाले आणि त्याचे ऐंशी टक्के गटारात आले, असे गृहीत धरले तर साडेचार कोटी लिटर होते. एका भट्टीस जेमतेम पुरेल, जोडीस पुरणार नाही. अकोल्याच्या नळांचा ज्यांना अनुभव आहे ते या गृहीतकाच्या पहिल्याच शब्दावर हसतील. आधी पाणी नळात आले पाहिजे, मग गटारात.

उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. फ्रान्सची सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अणूपासून होते व त्या देशाचा दाखला नेहमी दिला जातो. त्याच फ्रान्समध्ये २००३ च्या आणि २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत ऱ्होन व गारोन या नद्या इतक्या तापल्या की काठच्या भट्ट्यांचे उत्पादन कमी करावे लागले. तेथील कडक उन्हाळा म्हणजे आमच्या अकोल्याचा फाल्गुन. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, नदीचे वाळवंट होते आणि विजेची गरज मात्र त्याच दिवसांत शिगेला पोहोचते.

परंतु पाण्याचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. तो सुरक्षिततेचा प्रश्न होऊन बसतो, आणि या शक्तीचे खरे वेगळेपण येथेच आहे. कोळशाची भट्टी विझविली की विझते. अणुभट्टीतील विखंडनाची साखळी क्षणार्धात थांबविता येते. पण इंधनात साठलेली किरणोत्सर्गी द्रव्ये तापतच राहतात. थांबविल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, एका दिवसानंतर अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकावयास किरकोळ वाटतो. पण ७०० मेगावॉट विजेच्या भट्टीची मूळ उष्णता दोन हजार मेगावॉटांवर असते, आणि तिचा अर्धा टक्का म्हणजे दहा मेगावॉट उष्णता. ती अहोरात्र, आठवडेच्या आठवडे, कोणीतरी काढून न्यावी लागते. त्यासाठी पाणी हवे, पंप हवा आणि पंपाला वीज हवी. ११ मार्च २०११ रोजी जपानात फुकुशिमा येथे भूकंप होताच भट्ट्या नियमाप्रमाणे बंद पडल्या. त्यानंतर आलेल्या समुद्राच्या लाटेने डिझेलची यंत्रे बुडविली, पंप थांबले, आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. दीड लक्षाहून अधिक माणसांना घरेदारे सोडावी लागली. युक्रेनमध्ये झापोरिझ्झिया येथील सहा भट्ट्या मार्च २०२२ पासून युद्धाच्या तोंडावर उभ्या आहेत. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटले तेव्हा त्या भट्ट्यांना पाणी पुरविणारा जलाशयच रिता झाला. त्या बंद असल्यामुळे विहिरींच्या व तळ्याच्या पाण्यावर भागले.

परदेशी उदाहरणे कशाला? ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशात, गंगेच्या काठी, नरोरा येथील पहिल्या भट्टीच्या चक्राची दोन पाती तुटली. हादऱ्याने हायड्रोजन वायू गळून पेटला. आग केबलींतून पसरत गेली, आणि नेहमीच्या व संकटकाळच्या केबली जवळजवळ असल्याने दोन्ही जळाल्या. सुमारे सतरा तास संपूर्ण केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी अंधारात, बॅटरीच्या उजेडात, इमारतीत चढून हाताने झडपा उघडल्या आणि आग विझविण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांचे पाणी भट्टीच्या बाष्पकांकडे वळविले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या रात्रीच्या त्या माणसांचे धैर्य आणि प्रसंगावधान कोणत्याही पाठ्यपुस्तकात यावे असे आहे. ते का आले नाही, कोणास ठाऊक. परंतु देशाचे भवितव्य माणसांच्या प्रसंगावधानावर सोडणे ही काही सुरक्षिततेची व्यवस्था म्हणता येत नाही. आणि नरोरा समुद्रकाठी नव्हते, मैदानी मुलखात होते, हेही ध्यानात ठेवावे.

वऱ्हाडात त्सुनामी येणार नाही, हे खरे. भूकंप? दक्षिणेचे पठार अचल आहे असे आमच्या पिढीला शाळेत शिकविले गेले. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोसळली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे झोपेतच गेली. २२ मे १९९७ ला जबलपूर हलले. चुटका त्या जबलपूरच्या फारसे दूर नाही. आणि सातपुड्याच्या दक्षिण कडेने, पूर्णेचे मैदान व गाविलगडचे डोंगर जेथे भेटतात त्या रेषेवरून, भूगर्भशास्त्रज्ञांना चांगला परिचित असलेला गाविलगड भ्रंश जातो. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड त्या पायथ्याच्याच पट्ट्यात आहे. तो भ्रंश उद्या हलेल असे कोणी म्हणत नाही, आम्ही तर मुळीच म्हणत नाही. मात्र किल्लारीविषयीही आदल्या दिवसापर्यंत कोणी काही म्हणत नव्हते.

भट्टीच्या आसपास वस्ती किती असावी याचेही संकेत आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या १९९० च्या संहितेने दहा किलोमीटरांच्या आत दहा हजारांहून मोठे गाव नसावे हे इष्ट मानले होते. संकटकाळच्या स्थलांतराची आखणी सोळा किलोमीटरांपर्यंत करण्याची पद्धत होती. पूर्णाखोऱ्यात वा संत्रापट्ट्यात असे रिकामे वर्तुळ कोठे काढता येते ते एकदा जिल्ह्याचा नकाशा व कंपास घेऊन पाहावे. उत्तरेस सरकावे तर मेळघाटचे व्याघ्ररक्षित अरण्य लागते, आणि त्यातून रेल्वेसुद्धा जाऊ नये म्हणून अकोला–खंडवा मार्ग वळवून हिवरखेडकडून न्यावयाचे ठरले.

यंत्र कितीही उत्तम असो, त्याजवर देखरेख ठेवणारा कोण, हा प्रश्न राहतोच. १९८३ मध्ये स्थापन झालेले नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा खात्याच्या केंद्रांवर नजर ठेवावयाचे त्याच खात्याच्या छत्राखाली राहिले. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी यावर कडक ताशेरे झोडले. नव्या कायद्याने मंडळास वैधानिक दर्जा दिला, ही गोष्ट स्वागतार्ह होय, आणि ती तीस वर्षांपूर्वी व्हावयास हवी होती. त्याच २०१२ च्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भट्टीचे आयुष्य संपल्यावर ती मोडून जागा स्वच्छ करावी लागते. त्यासाठी युनिटामागे दोन पैसे बाजूस टाकण्याचा नियम जुना, आणि इतक्या वर्षांनंतरही तो आकडा तोच होता. एकाही केंद्राचा मोडणीचा आराखडा तयार नव्हता. तारापूरचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ पासूनचे. २०२० पासून ते दीर्घकाळ दुरुस्तीसाठी बंद ठेवून त्यांचे आयुष्य वाढविण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांनी देशास फार स्वस्त वीज दिली, हे निर्विवाद. पण पन्नास वर्षे वापरलेले यंत्र मोडण्याऐवजी पुन्हा जुंपण्याचा मोह होतो, त्यात मोडणीच्या खर्चाची तजवीज नसणे हेही एक कारण असावे, असा आमचा तर्क आहे.

आणि अपघात झालाच तर? २०१० चा कायदा करताना खासदारांच्या डोळ्यांसमोर भोपाळ होते. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर जी तडजोड झाली, तिची लाज या देशास वाटली होती. म्हणूनच सदोष यंत्रसामग्री पुरविणाऱ्या परदेशी पुरवठादारावरही भरपाईसाठी दावा करण्याचा अधिकार त्या कायद्यात ठेवला गेला. जगात अशी तरतूद विरळा. अमेरिकन व फ्रेंच कंपन्यांना ती पहिल्यापासून खुपत होती. नव्या कायद्याने ती काढून टाकली. करारातच तसे लिहिले असेल, अथवा कोणी जाणूनबुजून नुकसान केले असेल, तरच मागणे मागता येईल. केंद्र चालविणाऱ्याची जबाबदारी भट्टीच्या आकारमानाप्रमाणे १०० कोटींपासून ३,००० कोटी रुपयांपर्यंत सीमित केली आहे. त्यापलीकडचा भार सरकारवर, म्हणजे आपणा सर्वांवर. फुकुशिमाच्या निस्तरणीचा जपान सरकारचा स्वतःचा अंदाज वीस लक्ष कोटी येनच्या वर गेलेला आहे. येन रुपयाहून स्वस्त आहे हे धरूनही तो आकडा आपल्या कमाल मर्यादेच्या शेकडो पटींनी मोठा भरतो. यंत्र इतके सुरक्षित आहे की अपघात संभवतच नाही, असे जे विक्रेते सांगतात, त्यांनी अपघाताच्या जबाबदारीतून सुटण्यासाठी पंधरा वर्षे इतकी खटपट का करावी? आमच्या मते हा नव्या कायद्यातील सर्वांत दुबळा भाग होय, आणि खाजगी मालकास दार उघडण्याच्याच क्षणी ही कडी काढावी, हे तर अनाकलनीय आहे.

वापरून झालेल्या इंधनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, येथे थोडक्यात. आपला देश ते फेकून न देता त्यातून प्लुटोनियम काढतो व उरलेले तीव्र द्रव्य काचेत गोठवितो. राशी लहान होते, नाहीशी होत नाही. प्लुटोनियमचे अर्धायुष्य चोवीस हजार वर्षांचे. फिनलंडने ओंकालो येथे खडकात चारशे मीटर खोल कायमचे भांडार खोदले. आपल्याकडे असे भांडार अद्याप नाही.

राहिला पैसा. जैतापूरला ज्या जातीच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉटच्या, बसवावयाच्या आहेत, त्याच जातीची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामॉन्व्हिल गावी २००७ मध्ये बांधावयास घेतली. पाच वर्षांचे काम डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्यास जोडले गेले, आणि ३३० कोटी युरोचा अंदाज १,३०० कोटींवर गेला. फिनलंडची भट्टी २००५ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये नियमित झाली. जैतापूरसाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, आणि २०२५ अखेरपर्यंत भट्टीचा पाया भरला गेला नव्हता. स्वदेशी जड पाण्याच्या भट्ट्या पुष्कळ स्वस्त पडतात. भट्टी बांधावयाचीच तर तीच बांधावी, असे आम्ही म्हणू. पण त्यांनाही दहा वर्षे सहज लागतात. तेवढ्या काळात वऱ्हाडच्या उन्हावर किती वीज होईल? शेतपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याने सौर कृषी वाहिनीची योजना हाती घेतली आहे. सूर्य मावळल्यावर सौरफलक निरुपयोगी, ही तक्रार रास्त आहे, आणि कारखान्यांना, रुग्णालयांना, रेल्वेला रात्रीही वीज लागते. त्यासाठी देशात काही अणुवीज असावी हे आम्हांस मान्य आहे. ती असावी समुद्रकाठी, आहेत त्या केंद्रांच्या आवारात, सरकारी मालकीखाली. हिवरखेडच्या ओलिताला मात्र रात्रीची वीज नको आहे. त्याला दिवसाची हवी आहे, आणि ती त्याच्या पडीत तुकड्यावर पडणाऱ्या उन्हातून निघू शकते. ती वीज करण्यास वानचा एक थेंब लागत नाही; फलक धुण्यापुरता लागेल तेवढाच.

तेव्हा आमचे म्हणणे असे की पूर्णा व वर्धा यांच्या खोऱ्यांतील सिंचनासाठी बांधलेल्या कोणत्याही धरणाचे पाणी अणुवीज केंद्रास दिले जाणार नाही, असे राज्य सरकारने आजच, कोणताही प्रस्ताव समोर नसताना, विधिमंडळात सांगावे. प्रस्ताव नसताना असे सांगणे सरकारला सोपे जाते. करारावर सही झाल्यावर कोणतेही सरकार असे बोलत नाही. आपले वऱ्हाडातील आमदार पक्षोपपक्ष विसरून एवढे वदवून घेऊ शकतील काय, हे पुढील अधिवेशनात दिसेलच. आणि तरीही कधी काळी पारस वा अन्यत्र एखादी भट्टी आणण्याचे ठरलेच, तर जनसुनावणी कशी करू नये याचा धडा माडबनला मिळालेला आहे. जैतापूरचा पर्यावरण-अहवाल नागपूरच्या संस्थेने तयार केला होता. मे २०१० मध्ये सुनावणी झाली तेव्हा आसपासच्या गावांची तक्रार हीच होती की मराठी प्रत वेळेवर मिळाली नाही. तेल्हाऱ्यात किंवा मोर्शीत अहवाल वाटावयाचा तर तो संपूर्ण मराठीत, सुनावणीपूर्वी निदान तीन महिने, प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत ठेवला पाहिजे. पाण्याचा, भूकंपाचा व भरपाईचा भाग त्यातून वगळता कामा नये. आणि सुनावणी पेरणीच्या वा वेचणीच्या दिवसांत लावू नये.